तावडे मॅडमची मुदतवाढ

“ही जाहिरात आतली आहे. तरी तू जा.”

परळच्या कॉलेजात मी तासिका तत्त्वावर शिकवायला लागले, त्याच्या तिसऱ्या का चौथ्या दिवशी स्टाफरूममधल्या एका बाईंनी माझ्यापुढे वर्तमानपत्राचं कात्रण ठेवलं आणि हे सांगितलं. आमची धड ओळखही झालेली नव्हती. ‘आतली’ म्हणजे काय, ते मला कळेना. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि समजावून दिलं. प्राध्यापकांच्या जाहिराती तीन प्रकारच्या असतात: खरी, आतली आणि लोंबती. खरी म्हणजे जिथे खरोखर माणूस हवा असतो. आतली म्हणजे माणूस आधीच ठरलेला, जाहिरात नुसती कायद्यापुरती. आणि लोंबती म्हणजे जिची मुलाखत कधी होतच नाही. मग आतल्या जाहिरातीला जायचं कशाला, असं मी विचारलं. तर म्हणाल्या, काय प्रश्न विचारतात ते फुकटात कळतं, आणि चहा बरा असतो.

ह्या तावडे मॅडम. इतिहास शिकवायच्या. आता त्या कणकवलीजवळ आपल्या गावी राहतात आणि तिथूनही मला फोनवर जाहिराती पाठवतात, मी कायम होऊन इतकी वर्षं झाली तरी. ‘तुझ्यासाठी नाही, वर्गात कोण असेल तर सांग’ असं खाली लिहिलेलं असतं.

तासिका तत्त्व ज्यांना ठाऊक नाही ते सुखी. म्हणजे असं की आपण कॉलेजात शिकवतो, पेपर तपासतो, गॅदरिंगला मुलांच्या मागे धावतो, पण आपण तिथले नसतो. दर जूनमध्ये नव्याने अर्ज करायचा, नव्याने मुलाखत द्यायची, जणू काही गेल्या मार्चपर्यंत त्या फळ्यावर दुसरंच कोणी लिहीत होतं. मी आले तेव्हा मॅडमना असं करून चौदा वर्षं झाली होती. कायम होण्यासाठी नेट, सेट किंवा पीएचडी यांतलं एक लागतं. नेट-सेट त्यांनी इतक्या वेळा दिली की परीक्षा केंद्रावरचे शिपाई त्यांना ‘आलात का?’ म्हणायचे. दर वेळी दोन-तीन मार्कांनी हुकायची. राहिली पीएचडी. तिला त्यांनी नाव नोंदवलेलं होतं आणि त्यांची सगळी भिस्त तिच्यावर होती.

दिसायला बुटक्या, अंगावर कडक इस्त्रीची कॉटनची साडी आणि खाली पांढरे स्पोर्ट्स शूज, कारण लालबागहून परळपर्यंत त्या चालत यायच्या. खांद्याला रेक्झिनची मोठी बॅग. तिच्यात पंच, गोंदाची बाटली, फायली बांधायच्या हिरव्या लेसी, स्टॅम्प पॅड आणि एक पाकीट. त्या पाकिटात सगळ्या स्टाफचे पासपोर्ट साइज फोटो. माझाही होता. कधी मागून घेतला, आठवत नाही. फोटो पहिल्यांदा बघितला तेव्हा म्हणाल्या होत्या, हा कोणाचा, तुझ्या मोठ्या बहिणीचा का? माझा बायोडेटा वाचताना ‘छंद: वाचन, संगीत, प्रवास’ यावर त्यांची पेन्सिल थांबली. प्रवास म्हणजे कुठला, दादर ते परळ का, असं विचारून त्यांनी ती ओळच काढून टाकली. मी दादरची, आमच्या घरात सगळे बँकेत नाहीतर विम्यात, आणि आमच्याकडे परक्या माणसाला कोणी असं तोंडावर बोलत नाही. मला पहिले सहा महिने त्यांचा रागच होता.

पण त्यांना माहीत नाही असं विद्यापीठात काही नव्हतं. कुठल्या विभागात संशोधन सहायक हवाय, कुठल्या फेलोशिपची तारीख वाढली, कुठल्या गाइडकडे पीएचडीच्या किती जागा रिकाम्या आहेत, त्यातला कोण वेळेवर वाचतो आणि कोण आपला चॅप्टर सहा महिने गाडीच्या डिकीत ठेवतो. शनिवारी दुपारी दुसऱ्या कॉलेजांतली पोरं-पोरी आमच्या स्टाफरूमबाहेरच्या बाकावर येऊन बसायची. प्रिन्सिपॉल एकदा वैतागून म्हणाले की हे कॉलेज आहे, दवाखाना नाही. मॅडमनी शांतपणे सांगितलं की बाकावर दुसऱ्या नंबरला बसलाय तो सरांचा पुतण्या आहे, त्याला उद्या बोलावू का? सर आत निघून गेले.

एकदा आम्ही दोघी गिरगावातल्या एका संस्थेत मुलाखतीला गेलो होतो. संशोधन प्रकल्पात दोन वर्षांची जागा होती आणि तिला पीएचडीची अट नव्हती. मॅडमना ती मनापासून हवी होती, कारण विषय त्यांच्या जवळचा होता. बाकावर आम्ही सात जणी. मॅडमना स्वस्थ बसवेना. त्यांनी एकेकीची फाइल मागून घेऊन चाळायला सुरुवात केली. एका मुलीने अर्जावर सहीच केली नव्हती. मॅडमनी तिला तिथल्या तिथे सही करायला लावली, वर ‘निळं पेन वापर’ म्हणून आपलं पेन दिलं. जागा त्या मुलीला मिळाली.

परत येताना मी चिडले होते. ही नोकरी तुम्हाला हवी होती की नव्हती, असं मी स्पष्टच विचारलं. त्या म्हणाल्या, हवी होती ना. पण तिची सही राहिली म्हणून मला मिळाली असती, तर ती नोकरी मला दोन वर्षं टोचली असती. हे ऐकून मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटला, पण तो टिकू देतील तर त्या मॅडम कसल्या! पुढचे दोन महिने रोज डबा खाताना त्या मुलीचं अक्षर किती घाणेरडं आहे, हे आम्ही ऐकत होतो.

त्यांचा पीएचडीचा विषय होता गिरणगावातल्या खाणावळी. गिरण्यांवर पुष्कळांनी लिहिलं, युनियनवर लिहिलं, संपावर लिहिलं. पण कोकणातून आणि घाटावरून एकटे आलेले ते हजारो पुरुष जेवत कुठे होते? चाळीतल्या एकेका खोलीत एकेक बाई तीस-तीस, चाळीस-चाळीस माणसांचं रांधायची, पाळी सुटेल तसं वाढायची. त्या बायकांबद्दल कोणी चार ओळी धड लिहिल्या नाहीत, याचा मॅडमना राग होता. लालबाग, परळ, शिवडी असं फिरून त्यांनी अशा अकरा म्हाताऱ्या शोधून काढल्या होत्या. त्यांच्याशी तासन्‌तास बोलून कॅसेटी भरल्या होत्या, पुढे त्या मोबाइलवर उतरवून घेतल्या. मॅडमची स्वतःची खोली मसाल्याच्या गिरणीच्या बरोब्बर वर. त्यामुळे त्यांच्या प्रबंधाचं कुठलंही पान हातात घेतलं की आधी शिंक यायची.

त्या अकराजणींना मॅडमनी शब्द दिला होता की पुस्तक झालं की तुमच्या हातात आणून देणार. त्या बायकांना पीएचडी म्हणजे काय ते माहीत नव्हतं, त्या ‘आमचं पुस्तक’ म्हणायच्या. आणि मॅडमचं लिहून संपत नव्हतं. आळस म्हणाल तर तोही नव्हता. हाव होती. गाइड म्हणायचे, बाई, पुरे करा आता, लिहायला बसा. ह्या म्हणायच्या, शिवडीला अजून एक आहे सर, तिला फक्त भेटून येते. असं करत करत नऊ वर्षं गेली.

आणि मग ते झालं. पीएचडीला नोंदणीची मुदत असते. ती संपायच्या आत मुदतवाढीचा अर्ज करावा लागतो, नाहीतर नोंदणी रद्द. स्टाफरूममधल्या लोखंडी कपाटाच्या दाराला आतून मॅडमनी एक कागद चिकटवला होता. त्यावर आम्हा सगळ्यांची नावं आणि पुढे ज्याच्या त्याच्या तारखा: प्रगती अहवाल कधी, फी कधी, मुदतवाढ कधी. तारीख जवळ आली की त्या माणसामागे लागायच्या, अगदी जीव नकोसा करायच्या. त्या कागदावर त्यांचं स्वतःचं नाव नव्हतं. कशाला लिहायचं, माझी तारीख मला पाठ आहे, असं म्हणायच्या.

माझीही तेव्हा पीएचडी चालू होती. माझा सहामाही अहवाल द्यायला आम्ही दोघी विद्यापीठात गेलो. खिडकीतल्या पाटकरांना मॅडम वर्षानुवर्षं ओळखत होत्या. पाटकरांनी माझा अहवाल घेतला आणि अगदी सहज, कागदांवरून मान न उचलता विचारलं की मॅडम, तुमच्या मुदतवाढीचं काय झालं, तुमची तर गेल्या महिन्यात संपली. मॅडम हसल्या. म्हणाल्या, पुढच्या वर्षी आहे माझी. पाटकरांनी रजिस्टर काढून त्यांच्याकडे फिरवलं. मुदत नोंदणीच्या तारखेपासून मोजतात. मॅडम स्वतःची मुदत विषय मंजूर झाल्याच्या पत्रापासून मोजत होत्या, आणि ते पत्र वर्षभर उशिरा आलं होतं. हाच नियम त्यांनी आम्हाला निदान पन्नास वेळा बजावला असेल.

त्यांनी ती ओळ दोनदा वाचली. मग माझ्या अहवालाची पोच मागून घेतली, तिच्यावरचा शिक्का बघितला, तारीख बरोबर आहे ना ते तपासलं आणि ती माझ्या पर्समध्ये ठेवली. बाहेर येऊन पायरीवर बसल्या.

“अगो, माझोच अर्ज रवलो,” म्हणाल्या. एरवी कॉलेजात त्या स्वच्छ प्रमाण मराठी बोलायच्या, मालवणी फक्त घरी.

मला रडू आलं, त्यांना नाही. पुढे अर्ज-विनंत्या झाल्या, वर पत्रं गेली. पण तोवर गाइडही निवृत्त होऊन गेले होते, आणि नोंदणी रद्द झाली ती झालीच. कोणी त्यांच्यासमोर विद्यापीठाला नावं ठेवायला लागलं की त्या गप्प करायच्या. नियम बरोबर आहे, चूक माझी आहे, एवढंच बोलायच्या. कपाटातला कागद मात्र चालू राहिला.

दोन वर्षांनी आमच्याच कॉलेजात इतिहासाची कायम जागा निघाली. एकच जागा, आणि खरी. ज्या जागेची मॅडमनी सोळा-सतरा वर्षं वाट बघितली, तिची जाहिरात त्यांनीच पहिल्यांदा वाचली आणि कापून माझ्यापुढे ठेवली. माझी पीएचडी तोवर झाली होती. नेटही होती. मॅडमना अर्ज करताच येत नव्हता. मी सांगितलं की मी अर्ज करणार नाही, मला जमणार नाही. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा खरंच रागावलेलं बघितलं.

“तू अर्ज नाही केलास म्हणून ती जागा मला मिळणार आहे का?” त्या म्हणाल्या. “नाही ना? मग कोणाला मिळते ते तरी माझ्या आवडीचं होऊ दे.”

अर्ज त्यांनीच भरला. सात प्रती, हिरव्या लेसी, पानापानावर नंबर. मला जागा मिळाली.

आता खरी शोभा पुढे. मी कायम झाले म्हणजे विभागाची मीच प्रमुख, कारण विभागात कायम असं दुसरं कोणी नव्हतंच. म्हणजे जूनमध्ये तासिका तत्त्वाच्या मुलाखतींना पॅनेलवर मी बसणार आणि समोर मॅडम. त्या आल्या. फाइल पुढे सरकवली. प्रिन्सिपॉलनी ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हटल्यावर नाव, शिक्षण, अनुभव, सगळं पहिल्यांदाच आल्यासारखं नीट सांगितलं. सर मोबाइल बघत होते आणि मी टेबलाकडे. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. संपल्यावर बाहेर पॅसेजमध्ये मॅडमनी मला गाठलं आणि झापलं. मला एकही प्रश्न विचारला नाहीस, असं चालत नाही, पॅनेलवर बसलीस तर काम कर. पुढच्या जूनमध्ये मी त्यांना तीन प्रश्न विचारले. तिसऱ्याचं उत्तर त्यांना नीट आलं नाही, तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं.

दरम्यान त्या अकराजणींपैकी एकेक जात होती. शिवडीची गेली, मग काळाचौकीच्या दोघी. मॅडम प्रत्येकीच्या घरी दहाव्याला जाऊन यायच्या आणि दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये डब्याचं झाकण उघडता उघडता, कोणी विचारलेलं नसताना, आकडा सांगायच्या. आता सात. आता पाच. लिहिलेलं बाड घरी पत्र्याच्या ट्रंकेत पडलेलं होतं. गणपतीत लालबागमध्ये दहा दिवस मुंगीला वाट नसते, तेव्हा घरात अडकल्यावर ते काढून बसते म्हणायच्या, पण नुसतं वाचायला.

‘आता पाच’ ऐकलं त्या आठवड्यात मी गाइड म्हणून मान्यता मिळावी यासाठी विद्यापीठाकडे अर्ज केला. खरं कारण कोणाला सांगितलं नाही. मान्यता यायला वर्ष गेलं. मग विद्यापीठाच्या रिकाम्या जागांच्या यादीत माझं नाव लागलं: इतिहास, दोन जागा. मला वाटलं, सगळ्या मुंबईच्या जागा जिला पाठ, ती बाई ही बघेलच. मॅडमनी त्या दोन जागांसाठी चार मुलांची नावं माझ्याकडे आणली. स्वतःचं नाही. शेवटी मीच ती यादी छापून घेतली आणि त्यांच्यापुढे ठेवली.

त्यांनी चष्मा पुसला. “आतली दिसते,” म्हणाल्या.

मी म्हटलं, अजिबात नाही. प्रवेश परीक्षा आहे, ती पास व्हावी लागेल, मुलाखतीला तीन बाहेरचे लोक असतील आणि मी तोंड उघडणार नाही. यावर त्यांनी हो म्हटलं नाही, पण यादीची घडी घालून बॅगेत ठेवली. तेव्हा त्या बावन्न वर्षांच्या होत्या. परीक्षेच्या दिवशी वडाळ्याच्या केंद्रावर तिथल्या पोराने त्यांना फाटकात अडवून पालकांनी बाहेर थांबायचंय असं सांगितलं. मॅडमनी हॉलतिकीट दाखवलं. वर त्याला विचारलं, तू काय शिकतोस, नोंदणीला नाव घातलंस का? परीक्षेत चांगल्या मार्कांनी पास झाल्या. मुलाखतीत एका सरांनी, वाईट हेतूने नव्हे, पण विचारलं की आता या वयात पीएचडीचा उपयोग काय, नोकरीची तर मोजकीच वर्षं राहिली. मॅडम म्हणाल्या, माझी नोंदणी संपली तेव्हा अकरा बायका होत्या, आज पाच आहेत, मला नोकरीसाठी वेळच नाही.

गाइड म्हणून मी त्यांना फार छळलं, हे कबूल करते. सगळी जुनी भडास काढली म्हणा ना. नवी मुलाखत घ्यायची नाही, नवी म्हातारी शोधायची नाही, दर महिन्याच्या पाच तारखेला चॅप्टर टेबलावर. त्यांच्या वेड्यावाकड्या लांबलचक वाक्यांवर मी लाल रेघा मारायची. एकदा तर ‘हे कोणी लिहिलं, तुमच्या मोठ्या बहिणीने का?’ असंही विचारून घेतलं. लोकांसमोर त्या मला ‘मॅडम’ म्हणायच्या, दोघीच असलो की ‘काय गो छळतंस’. पण तारीख एकदाही चुकली नाही. कपाटातल्या कागदावर पहिलं नाव आता त्यांचं होतं, आणि ते मी लिहिलं होतं.

तीन वर्षांनी प्रबंध जमा झाला तेव्हा दोघी हयात होत्या. दोन परीक्षकांचे अहवाल येईपर्यंत आणखी काही महिने गेले आणि व्हायव्हाची, म्हणजे तोंडी परीक्षेची, तारीख लागली तेव्हा उरल्या होत्या एकट्या आक्का. साताऱ्याकडच्या. लालबागच्या एका चाळीत चाळीस माणसांची खाणावळ चालवलेल्या, नव्वदीला टेकलेल्या. ऐकू थोडं कमी येत होतं, पण तोंड शाबूत होतं. व्हायव्हा खुला असतो, कोणीही येऊन बसू शकतं, म्हणून मॅडमनी आक्कांना टॅक्सी करून आणायचं ठरवलं. मला धाकधूक होती. मॅडमना नव्हती. शब्द दिलाय, म्हणाल्या.

विभागाच्या हॉलमध्ये आक्का पहिल्या रांगेत, नऊवारी हिरव्या लुगड्यात, सुनेला शेजारी घेऊन बसल्या. मॅडमनी प्रबंधाची एक बांधलेली प्रत आधी त्यांच्या मांडीवर ठेवली, मग टेबलाजवळ जाऊन उभ्या राहिल्या. अर्धा तास बोलल्या. शिकवायला उभ्या राहतात तशाच, हातात कागद न घेता. बाहेरगावचे परीक्षक वयस्कर होते, भला माणूस. त्यांनी आपल्या अहवालातला उतारा वाचून दाखवला. प्रबंधातलं एक वाक्य त्यांना फार भावलं होतं: ‘चाळीस जणांना वाढणारी ही बाई स्वतः मात्र शेवटची पाळी जेवून गेल्यावर, उरलंसुरलं खायची.’ संबंध प्रकरणाचा आत्मा या वाक्यात आहे, असं ते म्हणाले. हॉलमधल्या दोन-तीन बायकांनी डोळे पुसले. मीही भारावले होते, कारण त्या प्रकरणात लाल रेघ न मारलेलं ते एकमेव वाक्य होतं.

मग अध्यक्षांनी नेहमीप्रमाणे विचारलं, सभागृहात कोणाला काही प्रश्न? हे विचारायचं म्हणून विचारतात. माझ्या उभ्या आयुष्यात तिथे कोणी हात वर केलेला मी पाहिला नव्हता. आक्कांनी केला. सुनेने खाली ओढला, तर दुसरा केला.

“त्ये चुकीचं लिवलंय,” आक्का म्हणाल्या. “म्या आधी जेवायची. चाळीस मान्सांच्या भाकऱ्या उपाशी पोटी कोन थापील?”

परीक्षकांच्या हातात त्यांचा अहवाल तसाच राहिला. मी मॅडमकडे बघून डोळ्यांनी खुणा करत होते की सावरून घ्या, बाकीच्या दहाजणींनी तसं सांगितलं होतं म्हणा, काहीही म्हणा, पण सावरा. इतक्या वर्षांनी इथवर आलेलं एका भाकरीवरून जायला नको. मॅडम टेबल सोडून आक्कांसमोर गेल्या आणि मोठ्याने, त्यांना ऐकू जाईल असं, विचारलं की आक्का, तेव्हा तर तुम्ही मला सांगितलं होतं की शेवटी जेवायचात.

“तवा म्हातारा शेजारी बसला हुता,” आक्का म्हणाल्या. “त्याच्याम्होरं काय सांगनार म्या?”

मॅडम हसायला लागल्या. अशा हसल्या की चष्मा काढावा लागला. मग वळून परीक्षकांना म्हणाल्या, “सर, माझं चुकलंय. बाईला विचारायचं होतं आणि मी नवऱ्याला घरात बसवून विचारलं. बाकीच्यांकडेही तेच केलंय. आता त्यांना परत विचारता येणार नाही. हे मी प्रबंधात लिहिते.” आणि खरंच त्यांनी आक्कांच्या मांडीवरची ती नवी कोरी प्रत उघडली, ते पान काढलं आणि समासात पेनने दुरुस्ती लिहिली. आक्कांना वाचून दाखवली. आक्कांनी मान हलवली.

बाकी सगळ्यांना बाहेर काढून समिती आत बसली. मीही आत होते, पण गाइडला फारसं बोलता येत नाही. परीक्षकांनी आपला अहवाल पुढे ओढला. मग म्हणाले की गेली पस्तीस वर्षं मी लोकांना प्रश्न विचारतोय, आणि आज पहिल्यांदा योग्य माणसाने विचारलेला ऐकला. त्यांनी स्वतःच्या अहवालातला तो उतारा खोडला आणि खाली लिहिलं: दुरुस्तीसह पदवीची शिफारस.

अध्यक्षांनी निकाल वाचला, टाळ्या झाल्या, कोणीतरी पहिल्यांदा ‘डॉक्टर तावडे’ म्हणालं. मॅडमचा नवरा, गोदीतल्या कचेरीत आयुष्य काढलेला शांत माणूस, मागे भिंतीला टेकून उभा होता. तो तिथेच रडत राहिला. बाजूच्या टेबलावर बटाटेवडे आणि पेढे मांडले होते. रिवाज असा की उमेदवाराने आधी परीक्षकांना द्यायचं, मग अध्यक्षांना, मग गाइडला, मग बाकीच्यांना. मॅडमनी पहिली बशी भरली आणि परीक्षकांपुढे धरली. त्यांनी हात पुढे केला.

“आधी तू खा गं,” आक्का खुर्चीतूनच म्हणाल्या. “सकाळधरनं उभी हायस.”

परीक्षकांनी हात मागे घेतला. मॅडम बशी धरून तशाच उभ्या राहिल्या. एकदा अध्यक्षांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग त्यांनी वडा उचलला आणि आम्ही सगळे बघत असताना, उभ्याउभ्याच, पूर्ण खाल्ला.